टाळ न वाजलेला हिवाळा

इंद्रायणीवर सकाळची वाफ दिसायला लागली की मी पुलावरून जाणं बंद करत असे. दूध आणायचं असो की कार्ल्याच्या फाट्यावर एसटी पकडायची असो, वरच्या रस्त्याने लांबचा फेरा घेऊन जायचो. सुनेला वाटायचं, थंडी पडली की बाबा व्यायाम वाढवतात. तिला मी कधी खरं सांगितलं नाही. असे तेहतीस हिवाळे गेले.

नदीवर वाफ का येते हे मी मुलांना बरीच वर्षं शिकवलं. फळ्यावर नदी काढायची, वर बाण काढायचे. पाणी तापलेलं नसतं, हवा पाण्याहून जास्त गार झालेली असते, एवढंच. पण पुलावरून बघणाऱ्याला वाटतं, खाली कोणीतरी मोठं भांडं चुलीवर चढवलंय. मुंबईहून आलेली पोरं कठड्यावर वाकून म्हणतात, पाणी मस्त गरम दिसतंय. त्या वाफेत पाय घालून बघावा. बोटं लगेच बधिर होतात आणि छातीत श्वास अडकतो. वरचं वीतभर पाणी जरा सोसतं. त्याच्या खाली गेलं की हाडांना चावतं.

हा हंगाम तसा आमच्या मावळात सुखाचा. भात कापून झालेलं असतं. खाचरांत धसकटांच्या रांगा उरलेल्या असतात आणि त्यांच्या मधून वालाचे हिरवे कोंब वर येतात. घराघरांत नव्या तांदळाचा वास असतो. कोणाकडे गेलं तरी आधी भात रांधतात, मग विचारतात काय काम काढलंत. पूर्वी खळ्यावर भारे झोडपण्याचा आवाज दिवसभर चालायचा, धप्प, धप्प. आता मळणीचं यंत्र येतं आणि दोन तासांत सगळं उरकतं. यंत्राला मी वाईट म्हणत नाही. पण तो धप्प आवाज बंद झाला याचं मला बरं वाटलं, हे मात्र खरं. त्याच आवाजावरून त्या सकाळी माझी चूक झाली होती.

आमचं गाव कार्ल्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर. खाली बंधारा घातल्यापासून हिवाळ्यातही वळणावर पाणी तुंबून राहतं, दोन पुरुष खोल. गाव अलीकडच्या काठावर आणि निम्म्या लोकांची खाचरं पलीकडच्या. पुलावरून बैलगाडी न्यायची तर मोठा वळसा पडायचा. म्हणून गावात एक पत्र्याची होडी होती, चपट्या बुडाची. ती सगळ्यांची होती आणि चालवायचा बबन.

बबन माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याची स्वतःची शेती होती, होडी हा त्याचा धंदा नव्हता. पण नदी त्याला कळायची, म्हणून वल्हं आपोआप त्याच्या हातात गेलं. गळ्यात तुळशीची माळ. माळकरी गावात पुष्कळ होते, पण बबनइतका काटेकोर कोणी नव्हता. फाट्यावर चहाच्या टपरीत गेलो तर हा आधी तव्याकडे बघायचा. भजी मागवण्याआधी टपरीवाल्याला हळूच विचारायचा, "याच्यावर आंब्लेट झालं न्हाई ना?" माझा थोरला भाऊ, अण्णा, वैतागायचा. "बबन्या, तुझ्या माळंपायी आमी उपाशी मरू एक दिवस," असं म्हणून स्वतः दोन प्लेटी खायचा. बबन नुसता हसायचा आणि शेंगदाणे फोडत बसायचा.

होडीच्या तोंडाशी तो टेंपोच्या चाकाची फुगवलेली ट्यूब सुंभाने बांधून ठेवायचा. पाण्यात जाण्याआधी तिच्यावर दोन थापा मारायच्या, हवा आहे का बघायचं, मगच होडी लोटायची. बैलाला थोपटावं तसं. आम्ही त्याची टिंगल करायचो. त्या काळी लाइफ जॅकेट आम्ही फक्त चित्रात पाहिलेलं. ती ट्यूबच आमच्या गावाचं लाइफ जॅकेट होती, आणि तीही एकट्या बबनच्या आग्रहाने.

*

आता त्याच वळणावर, बबनच्याच काठच्या जमिनीवर, त्याची मुलगी होड्या चालवते. सुरेखा. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता पंचेचाळिशीची आहे. कुरवंड्याला दिली होती. सहा वर्षांपूर्वी नवराबायको इकडे आले, चार होड्या घेतल्या, दोन तंबू टाकले. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात. काठावर दोरी बांधून त्यावर भगवी जॅकेटं वाळत घातलेली असतात. लांबून पाहिलं की एका ओळीत माणसं हात पसरून उभी असल्यासारखी वाटतात. वारा आला की हलतात.

तिच्याकडे मी सहा वर्षांत कधी गेलो नव्हतो. गेल्या पौषात ती घरी आली. म्हणाली, "गुरुजी, सगळं गाव यिऊन गेलं, तुमीच ऱ्हायलात." नाही म्हणायला कारण सापडलं नाही. शनिवारी सकाळी गेलो. तिने मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसवलं, हातात चहा दिला आणि आलेल्या लोकांसमोर जाऊन उभी राहिली.

होडीत बसायच्या आधी ती प्रत्येकाला पंधरा मिनिटं शिकवते. बचावाचं काम करणाऱ्या काही तरुणांकडून ती शिकून आली आहे. ऐकताना मला माझ्या वर्गाची आठवण झाली. मी फळ्यासमोर उभा राहायचो तशीच ती उभी होती, एक हात कमरेवर. शहरी लोकांपुढे ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, मध्येच हिंदी घालते आणि मध्येच आपली भाषा निसटते.

वाफ बघून फसू नका, ती म्हणाली. जॅकेटचं बक्कल लागलं पाहिजे, नुसतं खांद्यावर टाकून फोटो काढायचे नाहीत. एकदम गार पाण्यात पडलं की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर खेळ तिथेच संपतो. म्हणून पडल्यावर पहिला मिनिटभर काही करायचं नाही. हातपाय मारायचे नाहीत. जॅकेट तुम्हाला वर धरतं, तुम्ही फक्त श्वास ताब्यात आणायचा. मग होडीला धरायचं. होडी उलटली तरी ती तरंगते, तिला सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही. काठ दिसतो तेवढा जवळ नसतो आणि गारठलेला हात दहा मिनिटांत ऐकेनासा होतो.

मी चहा पीत होतो. तोवर सगळं ठीक होतं.

मग तिने सांगितलं, पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाचं काय करायचं. त्याला उभं करायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही. आडवं ठेवायचं. ओले कपडे काढायचे, कोरड्यात गुंडाळायचं, डोकं झाकायचं आणि दवाखान्याची गाडी बोलवायची. शेकोटीला नेऊन बसवायचं नाही. हातपाय चोळायचे नाहीत. अंगावर कढत पाणी ओतायचं नाही. हातापायांतलं गार रक्त एकदम काळजाकडं धावतं आणि काळीज बंद पडू शकतं. कापरं भरलेलं असेल तर घाबरू नका, अंग झगडतंय. कापरं आपोआप थांबलं आणि माणूस जडजड बोलायला लागला, तर घाबरा.

"और दारू बिलकुल नहीं," ती म्हणाली. "दारूनं गरम वाटतं, पण अंग अजून गार पडतं."

एका पोराने विचारलं, "मग मावशी, प्यायची कधी?" सगळे हसले.

"घरी जाऊन," ती म्हणाली. ती हसली नाही. मग नदीकडे हात करून सावकाश म्हणाली, "माझे वडील याच पाण्यात गेले. दारू पिऊन होडी घातली होती. माळकरी माणूस होता, तरी त्या दिवशी पिला. मी हे लपवत नाही. माझ्या वडलांवरनं तरी तुम्ही शिका."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. तिने ती केव्हाच गिळली होती आणि तिचा लोकांना उपयोग व्हावा म्हणून दर शनिवारी ती उघडी करत होती. मी पेरलेलं खोटं तिने खरं मानून, धुऊन पुसून, लोकांचे जीव वाचवायला वापरलं होतं.

*

तो दिवस लिहितो.

मार्गशीर्ष सरत आला होता. दोन दिवस आभाळ भरून येत होतं आणि माझं कापलेलं भात पलीकडच्या खाचरात पडून होतं. भिजलं असतं तर वर्षाची मेहनत काळी पडली असती. आमच्याकडे इर्जिकीची रीत आहे, एकमेकांच्या शेतावर बोलावल्याबरोबर हात लावायला जायचं. मी बबनला निरोप दिला आणि उजाडायच्या आत तो होडी घेऊन हजर झाला. मी पलीकडून भारे चढवत होतो, बबन ने-आण करत होता, अण्णा अलीकडे उतरवून खळ्यावर टाकत होता. वाफ आणि धुकं एक झालेलं. काठावरून पाण्यात दहा हात दिसत नव्हतं.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मला शाळेची वेळ दिसायला लागली. त्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. मी नेहमीपेक्षा चार भारे जास्त रचले. पाचवा ठेवायला जागा नव्हती, म्हणून होडीच्या तोंडाची ट्यूब सोडून काठावर टाकली आणि त्या जागी भारा ठेवला.

"ट्यूब ऱ्हाऊ द्या, गुरुजी," बबन म्हणाला.

मी म्हणालो, एवढ्याशा पाण्याला कसली ट्यूब, ही शेवटची खेप आहे.  गुरुजींच्या पुढे गावात कोणी फारसं बोलत नसे. अंगावरची घोंगडी त्याने घट्ट केली आणि सवयीने, जिथे ट्यूब असायची तिथे, भाऱ्यावर दोन थापा मारल्या. होडीचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं राहिला होता. हे मी पाहिलं होतं. ते पाहून मी होडी लोटली.

थोड्या वेळाने धुक्यातून आवाज आला, धप्प. मला वाटलं अण्णाने भारा खळ्यावर टाकला. बबन मला न्यायला परतेपर्यंत सांडलेल्या लोंब्या गोळा कराव्यात म्हणून मी वाकलो. मग बबनची हाक आली. शब्द नव्हता, नुसता श्वास ओढल्यासारखा मोठा आवाज. त्यानंतर अण्णाची ओरड.

मला पोहता येत नव्हतं, अण्णालाही नाही. दुसरी होडी गावात नव्हती. मी काठाकाठाने बंधाऱ्याकडे पळत सुटलो, बंधाऱ्यावरून पलीकडे जावं म्हणून. ट्यूब माझ्या पायाशी पडलेली होती. ती पाण्यात फेकावी, तिला धरून आत जावं, असं काही मला सुचलं नाही. मी तिला ओलांडून पळालो.

बबनला पोहता येत होतं, पण भिजलेली घोंगडी अंगाला चिकटलेली. त्याने शहाणपणा केला. उलट्या होडीला धरून राहिला. आज सुरेखा जे शिकवते ते त्याला कोणी न शिकवता कळलं होतं. होडी हळूहळू बंधाऱ्याच्या अंगाला वाहत होती. अण्णा काठावरून हाका मारत होता, "बबन्या," आणि धुक्यातून उत्तर यायचं, "व्हय." मी पलीकडच्या काठाने पळताना ते ऐकत होतो. बबन्या. व्हय. बबन्या. व्हय. आधी मोठ्याने, मग बारीक, मग दोन हाकांना एकदा. तास झाला असेल, जास्तही असेल. शेवटी होडी बंधाऱ्याजवळ आली, अण्णाने कासरा फेकला. बबनची बोटं मिटत नव्हती, म्हणून त्याने कासरा दंडाला गुंडाळून घेतला. बंधाऱ्याच्या निसरड्या दगडांवरून सरपटत मी पलीकडे पोचलो तोवर अण्णाने त्याला ओढून काढलं होतं.

तो जिवंत होता. मला ओळखत होता. "भारं गेलं, गुरुजी," असं तो म्हणाला. माझं भात बुडाल्याची त्याला लाज वाटत होती.

अंगात कापरं भरलेलं होतं, दात वाजत होते. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून चालवत आमच्या मळ्यातल्या खोलीवर नेलं. चाल, म्हणजे अंग गरम होईल. वाटेत कापरं थांबलं आणि अण्णा म्हणाला, "उतरली बग थंडी." मलाही तसंच वाटलं. अण्णाने पहाटेच बंब पेटवून ठेवला होता. कढत पाणी अंगावर ओतलं. कोरडं धोतर नेसवलं, शेकोटीजवळ बसवलं, तळपायांना सुंठ चोळली. आमच्या आईने आम्हाला लहानपणी केलं असतं ते सगळं केलं. यातलं एकही दुष्टपणाने केलं नाही. पण आज माझ्या लक्षात येतं की उलटं करता येण्यासारखं जे होतं ते सगळं आम्ही उलटं केलं.

अण्णा गाडी बघायला रस्त्यावर गेला. खोलीत मी आणि बबन.

आता जे लिहितो ते तेहतीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या पिशवीत, मुलांच्या वह्यांखाली, ब्रँडीची अर्धी बाटली असायची. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाने पहिल्यांदा दिली होती, खोकल्यासाठी. खोकला गेला, बाटली राहिली. थंडीत शाळेत जाण्याआधी झाकणभर घ्यायचो. गावात कोणाला माहीत नव्हतं. दर वर्षी मुलांकडून व्यसन न करण्याची शपथ मीच म्हणवून घ्यायचो.

पिशवी त्या खोलीतच ठेवलेली होती. बाटली काढून मी त्याच्या ओठांना लावली. वास आल्याबरोबर त्याने तोंड फिरवलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते.

"गुरुजी, माळ हाय."

मी म्हणालो, दारू नाही बबन, औषध आहे, खोकल्याचं. त्याने माझ्याकडे पाहिलं. जंताची गोळी देताना वर्गातली मुलं उघडतात तसं त्याने तोंड उघडलं. गुरुजी म्हणतात म्हणजे औषधच असणार. मी दोन घोट ओतले, मग आणखी एक. थोडं गळ्यावर सांडलं, माळेवर. ते मी माझ्या पंच्याने पुसलं.

काही वेळाने त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोप लागली असं वाटून मी कितीतरी वेळ हललो नाही.

*

दुपारी हवालदार आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि मान वर केली. तोंडाला वास येतोय, म्हणाले. अण्णा चकित झाला, त्याला खरंच माहीत नव्हतं. हवालदार माझ्याकडे वळले.

"गुरुजी, हा प्यायला होता का?"

"मला कल्पना नाही," मी म्हणालो.

एवढंच. मी बबनला दारुडा म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही. पण गुरुजी ज्या अर्थी नाही म्हणत नाहीत, त्या अर्थी असणार, असं लोकांनी धरलं. कागदावर तसंच गेलं. संध्याकाळपर्यंत कोणाला तरी आठवलं की बबनचे डोळे सकाळी लाल होते. आणखी कोणाला आठवलं की होडी वाकडीतिकडी जात होती. त्या धुक्यात कोणाला काय दिसणार होतं?

आमच्याकडे माळकऱ्याला शेवटचं नेताना भजनी मंडळ पुढे असतं, टाळ-मृदंगावर अभंग म्हणत. बबन स्वतः कितीजणांच्या पुढे टाळ वाजवत गेला होता. त्या दिवशी मंडळाचे विणेकरीबुवा दारात आले, उभे राहिले, आणि म्हणाले की दारू पिऊन गेलेल्यापुढे टाळ वाजवता येणार नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना सांगितलं गेलं ते त्यांनी खरं मानलं. त्यांनी बबनच्या गळ्यातली माळ उतरवली आणि नदीत सोडायला दिली.

मी खांदा दिला. सगळी वाट नुसता पायांचा आवाज. त्याची बायको, पारूवहिनी, दारातच राहिली होती. ती रडत नव्हती. रस्त्याकडे कान लावून होती. टाळ आत्ता वाजतील, मग वाजतील, असं तिला वाटत होतं, हे पुढे सुरेखाने सांगितलं.

माळ नदीत सोडली. तुळशीचे मणी हलके असतात. ते बुडाले नाहीत. बराच वेळ काठाजवळ तरंगत राहिले.

पुढच्या वर्षांचं काय लिहू? सुतक संपून सुरेखा शाळेत आली तेव्हा मधल्या सुट्टीत एक मुलगा तिला दारुड्याची म्हणाला. ती तेव्हा सातवीत होती. वर्ग माझा नव्हता, तरी मी धावत गेलो आणि त्या मुलाच्या हातावर पट्टी मारली, वळ उठेपर्यंत. पुन्हा कोणी तसं म्हणालं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवलो, आपण बबनसाठी काहीतरी केलं असं वाटून. त्या मुलाचा हात अजून आठवतो. पट्टी कोणाच्या हातावर बसायला हवी होती हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

अण्णा वारला तेव्हा सांगणार होतो. सेवानिवृत्तीच्या सत्कारात सांगणार होतो. नारळ हातात होता आणि पारूवहिनी बायकांत मागे बसली होती. मी भाषणात सत्य या विषयावर बोललो.

*

यंदा वाफ दिसायला लागली तेव्हा मी पुलावरून गेलो. सुरेखा काठावर होडीतलं दव पुसत होती. अजून कोणी आलं नव्हतं. मी म्हटलं, मला आत ने. तिने कारण विचारलं नाही. दोरीवरचं जॅकेट काढून माझ्या अंगात घातलं, बक्कल लावलं, आणि दोन्ही खांद्यांचे पट्टे वर ओढून पाहिले.

"टक् आवाज आला का? आला म्हंजी बसलं," ती म्हणाली. मग जॅकेटवर दोन थापा मारल्या. ही सवय तिला कुठून आली हे तिला माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही.

मध्यावर गेल्यावर काठ दिसेनासा झाला. मी बोलायला लागलो. चार भारे जास्त, पाचवा ट्यूबच्या जागी, बंब, सुंठ, बाटली, हवालदार. क्रमाने, पाठ केलेल्या धड्यासारखं. तिने वल्ही उचलून धरली होती. त्यांच्या टोकांवरून पाणी टपटपत होतं, तेवढाच आवाज. मी संपवलं. मग तिने पहिल्यांदा ट्यूबचं विचारलं नाही, बाटलीचंही नाही.

"मी सा वर्सं दर शनवारी लोकास्नी काय सांगत आले, गुरुजी?"

 मी म्हणालो, तो कशाने गेला हे आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. गारठ्याने, चालवल्याने, कढत पाण्याने की त्या तीन घोटांनी. पण दारू पिऊन होडीत बसला नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो.

"तुमची शपत," ती म्हणाली. तिने होडी वळवली. काठाला लागल्यावर तिने माझं बक्कल सोडलं. "आता आयला सांगा. माज्या तोंडून न्हाई. तुमच्या."

पारूवहिनी अंगणात सुपात वाल निवडत बसली होती. तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. मी शेजारी बसून हळू आवाजात सुरुवात केली, इतकी वर्षं मनात ज्या आवाजात बोलत आलो त्याच आवाजात. तिने कानाला हात लावला.

"मोट्यानं बोला, गुरुजी."

मी जरा आवाज चढवला. तिने मान हलवली, नाही म्हणून. समोरच्या ओट्यावर विणेकरीबुवा ऊन खात बसले होते, नव्वदीला आलेले. शेजारणी पापड उन्हात घालत होत्या. मी सुरेखाकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती आणि मला मदत करणार नव्हती.

मग मी ओरडून सांगितलं. "बबनला दारू मी पाजली. पाण्यातून काढल्यावर. त्याने आपणहून घेतली नाही. हवालदाराला मी खरं सांगितलं नाही."

गल्ली थांबली. पापडांवरचे हात थांबले. विणेकरीबुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पारूवहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. सूप तिने खाली ठेवलं.

"मंग ते न्हाई म्हनलं व्हतं का?"

"म्हणाला होता," मी ओरडलो. "गुरुजी, माळ हाय, असं म्हणाला. मी त्याला औषध म्हणून पाजली."

"काय म्हनलं?"

"गुरुजी, माळ हाय."

"पुन्यांदा सांगा."

तिला ऐकू गेलं नाही असं वाटून मी आणखी जवळ सरकलो, तिच्या कानाशी तोंड नेलं. तिने हाताने मला मागे सारलं.

"आयकू आलं मला," ती म्हणाली. "तितनंच सांगा. पुन्यांदा सांगा."

मी उठून उभा राहिलो आणि समोरच्या ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.